हात वर करण्याची तालीम

"उशी आहे की रेतीची पिशवी? मान ठेवली की मान म्हणते, मी जाते. आणि ती खिडकी! उघडत नाही ती खिडकी कसली? भिंतच ती. काच लावून फसवलंय नुसतं."

शेजारच्या पलंगावर काकू पुटपुटत होत्या. कुणाला उद्देशून नव्हे. काकूंचं बोलणं छताच्या पंख्यासारखं होतं. ते चालूच असायचं, ज्याला वारा हवा त्यानं खाली बसावं. टेलरबाईंना बसण्यावाचून इलाज नव्हता. दोन पलंगांच्या मधे चपला सरळ ठेवता येतील एवढीच जागा होती, आणि काकूंनी कूस बदलली की टेलरबाईंचाही पलंग कुरकुरायचा.

"झोपलीस का गं?"

"नाही काकू. सकाळ झाली."

"झाली का? कळायला मार्ग नाही. खिडकी उघडत नाही ना."

काकू म्हणजे सरांची बायको. त्या नगरसेविका नव्हत्या, कुठल्या पक्षात नव्हत्या, मतदानाच्या दिवशीसुद्धा आपण गुडघा शेकत घरीच बसलो होतो असं त्या येईल त्याला सांगत. पण दोन पुरुष आणि एक बाई अशी मंडळी शहराबाहेरच्या विश्रामगृहात राहायला न्यायची, तर लोक काय म्हणतील, म्हणून त्यांना सोबतीला आणलं होतं. "मी पेपरवेट आहे," काकू म्हणायच्या. "कागद उडू नयेत म्हणून वर ठेवलंय."

कागद तीनच होते. शहराच्या निवडणुकीत छत्रीवाले आणि शिडीवाले अगदी बरोबरीत सुटले आणि मधे उरले घंटा निशाणीवर निवडून आलेले हे तिघं: सर, टेलरबाई आणि फोटोवाला. घंटा सरांनी निवडली होती. आयुष्यभर शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेल्या माणसाला त्या चित्रात शाळा दिसली. विरोधकांना काय दिसलं ते प्रचारभर ऐकायला मिळालं. तरी तिघं आले. आता हे तिघं ज्याच्या बाजूनं हात वर करतील तो नगराध्यक्ष होणार होता. उद्या.

सरांनी शिडीवाल्यांशी बोलणी केली. बोलणी पुरी झाली त्याच संध्याकाळी दाराशी गाडी उभी राहिली. "जरा हवापालट," असं सांगण्यात आलं. छत्रीवाले फोडतील, आमिष दाखवतील, नाहीतर धाक दाखवतील, म्हणून निवड होईपर्यंत आपल्या बाजूची माणसं नजरेआड ठेवायची, ही रीत सगळ्यांनाच ठाऊक होती. गंमत एवढीच की शिडीवाले स्वतः आपापल्या घरी आपापल्या उशीवर झोपत होते. हवापालटाची गरज फक्त ह्या तिघांच्याच फुप्फुसांना होती.

फुप्फुसांचं म्हणाल तर टेलरबाईंच्या वॉर्डाला हवापालटाची गरज खरोखरच होती. त्यांच्या गल्लीच्या पाठीमागे शहराचा कचरा डेपो. डेपो म्हणायचं, पण टेकडीच ती, बारा महिने आतल्या आत धुमसणारी. टेलरबाई शाळेचे गणवेश शिवायच्या. पांढरे शर्ट. मशीनशेजारची खिडकी उघडी ठेवली तर कापडावर काजळीचे ठिपके बसायचे, बंद ठेवली तर घामाचे डाग पडायचे. म्हणून त्या प्रत्येक शर्ट शिवून झाला की धुवायच्या, घरातच दोरीवर वाळवायच्या, इस्त्री करून ठेवायच्या. तरी एकदा एका मुलाच्या आईनं नवाकोरा शर्ट उचलला, नाकाशी नेला आणि काही न बोलता परत टेबलावर ठेवला. ती भांडली असती तर बरं झालं असतं. तिच्या त्या न बोलण्यामुळं टेलरबाई निवडणुकीला उभ्या राहिल्या. घरात सासूबाई होत्याच, दिवसभर नाकाला ओलं फडकं लावून बसलेल्या. प्रचारात टेलरबाई एकच वाक्य बोलल्या: डेपो हलवणार. दुसरं त्यांना येतच नव्हतं.

आणि नवरा? तो पालिकेची कचऱ्याची गाडी चालवायचा. शहरभरचा कचरा गोळा करून आपल्याच घरामागे आणून ओतायचा. विरोधकांनी त्यावर घोषणाच बांधली होती: "नवरा टाकणार, बायको उचलणार!" ऐकून टेलरबाईंनाही हसू आलं होतं. घोषणा झकास होती. माणसं ती म्हणत म्हणत आली आणि मत घंटेला देऊन गेली.

चहा मामा आणायचा. मामा म्हणजे शिडीवाल्यांनी ठेवलेला माणूस. तो नक्की कुणाचा मामा हे कुणालाच माहीत नव्हतं, पण वागवायचा तो सगळ्यांना भाच्यासारखंच: लाडही करायचा आणि बाहेरच्या दाराला कडीही घालायचा. फोन त्यानं आल्याआल्या गोळा करून दिवाणखान्याच्या कपाटात ठेवले होते. "हरवायला नकोत." घरी बोलायचं तर केव्हाही बोला, आपलंच आहे सगळं, फक्त इथं सोफ्यावर बसून आणि स्पीकरवर. इथंच रेंज येते.

"स्पीकरवरच येते होय?" फोटोवाल्यानं विचारलं होतं. "ताई, विज्ञान कुठल्या कुठं गेलं, आपण बसलो घंटा वाजवत."

मामासुद्धा हसला होता. हसताना त्यानं कपाटाची किल्ली खिशात टाकली होती.

आज चहा घेऊन तो आला तेव्हा टेलरबाई स्टुलावर चढून दिवाणखान्याचा पडदा काढत होत्या.

"ताई, हे काय?"

"खालची दुमड वाकडी शिवलीय. पहिल्या दिवसापासून डोळ्यांत खुपतीय."

"अहो राहू द्या. तुम्ही पाहुण्या."

"पाहुणी असते तर एव्हाना घरी गेले असते," टेलरबाई म्हणाल्या आणि पर्समधली सुई काढून सोफ्याच्या कडेला बसल्या. उसवलं, दुमडलं, टाके घालायला घेतले. दोन दिवसांत त्यांनी आपल्या आणि काकूंच्या खोलीतला पडदा, दोन उशांचे अभ्रे आणि मामाच्या शर्टाचं बटण एवढं उरकलं होतं. हात रिकामे राहिले की डोकं चालायला लागतं, आणि डोकं चालून चालून एकाच दारापाशी जाऊन थांबायचं. सर डेपोबद्दल काहीच का बोलत नाहीत?

तसे सर बोलायचे. सर सगळ्याच विषयांवर बोलायचे. शहराला नवी वाचनालयं कशी हवीत, रस्त्यावर दिवे किती हवेत, सत्तेच्या बाहेर उभं राहून दगड मारण्यापेक्षा आत शिरून विटा रचणं कसं बरं. शिडीवाल्यांशी ठरलं काय, असं विचारलं की म्हणायचे, "सगळे विषय मांडलेत मी. सकारात्मक आहेत मंडळी." आत्ताही ते समोरच्या खुर्चीत वर्तमानपत्र उघडून बसले होते. वर्तमानपत्र परवाचं होतं. ताजं इथं येत नव्हतं. मामा म्हणायचा, पोऱ्या आजारी आहे.

"सर," टेलरबाईंनी दोरा दातानं तोडला, "डेपोचं त्यांनी नक्की काय म्हटलंय? शब्द काय होते त्यांचे?"

"अं? सकारात्मक," सर म्हणाले. "मामा, साखर कमी आहे हो ह्यात."

काकूंनी नवऱ्याकडे पाहिलं. मग कपाकडे पाहिलं. "साखर बरोब्बर आहे," त्या म्हणाल्या. "कपाची मात्र कड फुटलीय. ओठ कापायचा एखाद्याचा."

टेलरबाईंनी घरी फोन लावायला सांगितला. मामानं कपाट उघडलं, फोन शोधला, स्पीकर लावला आणि टेबलावर अशा अदबीनं ठेवला की जणू त्याला काही ऐकूच येत नव्हतं. उचलला सासूबाईंनी.

"कोण? आमच्या नगरसेविका का? आठवण झाली म्हणायची."

"आई, कशा आहात?"

"आहे तशी आहे. खोकला आहे, फडकं आहे, मी आहे. तू कधी येतेस? तुझा नवरा भात करतो की खळ करतो तेच कळत नाही. शर्टांना लावायला चांगली आहे."

फोटोवाला खुसकन हसला. टेलरबाईही हसल्या. "उद्या येते. हे आहेत का?"

"आत्ताच आलाय. हात धुतोय. अरे, बायको आहे फोनवर! जपून बोल, सगळं मंडळ ऐकतंय."

नळ बंद झाल्याचा आवाज आला. मग नवरा. "हां. बोल. बरी आहेस ना?"

"बरी आहे. आज लवकर आलात?"

"लवकर कसला. उशीर झालाय उलट. पहिलीच फेरी झालीय. रांग लागते ना आता डेपोवर, काट्याच्या कामामुळं."

"कसल्या काट्याच्या?"

तिकडे पाण्याचा थेंब पडल्याचं तेवढं ऐकू आलं.

"वजनकाटा," नवरा म्हणाला. "नवीन बसवतायत. मोठा. कचऱ्याच्या गाड्या आता वजन करून आत घ्यायच्या. पाया भरून झालाय."

"कधीपासून चाललंय?"

"तू गेलीस त्याच्या आदल्या दिवशी खडी पडली."

हे त्याच्या तोंडून निसटलं की त्यानं मुद्दाम सोडलं, ते टेलरबाईंना कळलं नाही. इतक्या वर्षांच्या संसारात त्याला फारसं काही निसटू देताना त्यांनी पाहिलं नव्हतं. गाडीची फाटकं उघडायच्या आधी तो दोनदा मागे वळून बघणारा माणूस. आणि आदल्या दिवशी खडी पडली, तर त्या रात्री जेवताना तो गप्प का होता?

"बरं," त्या म्हणाल्या. "आईंचं औषध द्या वेळेवर."

मामा खोकला. "चला, बिल वाढतंय," असं काहीतरी म्हणत त्यानं फोन उचलला. टेलरबाईंनी खोलीभर नजर फिरवली. जो डेपो हलणार आहे तिथं कुणी नवा काटा बसवत नाही. एवढं कळायला गणिताचा मास्तर लागत नाही, आणि इथं तर एक होता. सरांनी वर्तमानपत्राचं पान उलटलं. फोटोवाला बुटाची नाडी बांधत होता. त्याच्या बुटाला नाडी नव्हती, चेन होती. काकूंनी पडद्याची कड हातात घेतली आणि म्हणाल्या, "किती बारीक टाके घालतेस गं. मशीनला लाज वाटेल."



विश्रामगृहाच्या मागे पोहण्याचा तलाव होता, कोरडा, तळाला वाळकी पानं पडलेला. भिंतीच्या आत होता म्हणून तिथं फिरायला मुभा होती. फोटोवाला तलावाच्या पायऱ्यांवर, निळ्या फरशीवर बसला होता. टेलरबाई त्याच्यापाशी जाऊन बसल्या. वरून कुणी पाहिलं असतं तर दोघं पाणी यायची वाट बघतायत असं वाटलं असतं.

"ऐकलंस ना काट्याचं?"

"ऐकलं."

"मग?"

"मग काय ताई. काटा काय, काढतासुद्धा येतो."

"तूच बोललास हे? प्रचारात माझे फोटो काढताना त्या धुरात तूच खोकत होतास. म्हणालास, कॅमेरा पुसू की डोळे."

त्यानं डोळे चोळले. तो तिशीचा होता, गोल चेहऱ्याचा, चौकात त्याचा स्टुडिओ. शहरातल्या निम्म्या लोकांच्या ओळखपत्रांवर त्यानं काढलेला चेहरा होता. माणूस हसरा, पण एकदा गप्प झाला की बंद दुकानासारखा दिसायचा.

टेलरबाईंनी मग सरळच विषयाला हात घातला. निवडून आल्यावर तिघांनी मिळून एक गट म्हणून नोंद केली होती, सर गटाचे नेते. आपण एकीनं राहावं, कुणी एकेकट्याला गाठून फोडू नये, म्हणून मोठ्या हौसेनं सह्या केल्या होत्या, पेढ्याऐवजी बिस्किटं वाटली होती. नियम असा की नेता सांगेल तिकडे हात वर करायचा. एकटं कुणी उलट वागलं तर त्याची जागा जाते. पण तिघांतले दोघं मिळून उलट वागले, तर गटाचंच मत बदललं असं धरतात. मग कुणाचीच जागा जात नाही.

"मी एकटीनं हात खाली ठेवला तर घरी जाते," त्या म्हणाल्या. "वॉर्डात पुन्हा निवडणूक, पुन्हा कुणीतरी शिडीवाला. पण तू नि मी मिळून ठेवला, तर सभागृहाच्या निम्म्याहून जास्त हात कुणालाच मिळत नाहीत, आणि तेवढे मिळाल्याशिवाय उद्या कुणीच नगराध्यक्ष होत नाही. मग येतील की दोघंही दाराशी. तेव्हा सांगू, भर सभेत बोला डेपोचं, मग हात."

"छत्रीवाले येतील म्हणता? डेपो तिथं आणला कुणी? त्यांनीच ना?"

"त्यांनी आणला, ह्यांनी वाढवला. मला दोघांचंही प्रेम नाही. ज्याला खुर्ची हवी तो बोलेल."

फोटोवाल्यानं एक वाळकं पान उचललं आणि शिरेशिरेवर फाडत बसला. "ताई, माझा स्टुडिओ पालिकेच्या गाळ्यात आहे. करार संपत आलाय. माहितीय ना?"

"माहितीय."

"शिडीवाल्यांनी काही धमकी नाही दिली हां. उलट सांगितलं, काळजी करू नकोस म्हणून. तीन वेळा सांगितलं." तो जरासा हसला. "पहिल्यांदा बरं वाटलं. तिसऱ्यांदा सांगितलं तेव्हा झोप उडाली."

टेलरबाईंना त्याची दया आली आणि रागही आला.

"आणि हे बघा," तो म्हणाला, "सर म्हणतात ना मंडळी सकारात्मक आहेत? मग डेपो हलणार. सर खोटं बोलत नाहीत. मी त्यांच्याकडे पाच वर्षं गणित शिकलोय, चुकलो तर छडी खाल्लीय, पण खोटा मार्क त्यांनी कधी कुणाला दिला नाही. सरांनी त्यांच्या तोंडानं सांगू दे की डेपो हलणार नाही. त्यांच्या तोंडून, किंवा निदान त्यांच्यासमोर कुणीतरी म्हणू दे आणि त्यांनी ते नाकारू नये. तर तुमच्याशेजारी बसतो मी हात मांडीवर ठेवून. गाळा गेला तर गेला."

"आणि कुणीच काही म्हटलं नाही तर?"

"तर मला काय माहीत?" तो म्हणाला. "मला माहीतच नसेल तर माझी काय चूक?"

वर गच्चीवरून मामानं हाक मारली, "ऊन आहे हो तिथं! आत या, सरबत केलंय!"

दुपारी काकू पिशवी भरत होत्या. उद्या सकाळी निघायचं. साबण ओला होता, तो कशात गुंडाळावा ह्यावर त्यांचं बराच वेळ चाललं होतं. टेलरबाई पलंगावर भिंतीला टेकून बसल्या होत्या. बंद खिडकीच्या काचेवर एक माशी चढत होती, घसरत होती, चढत होती.

"माझा नवरा वाईट माणूस नाही गं," काकू एकदम म्हणाल्या.

टेलरबाईंनी वर पाहिलं.

"शाळेत किती वर्षं प्रभारी मुख्याध्यापक म्हणून काढली त्यांनी. प्रभारी. म्हणजे काम सगळं, पाटी दुसऱ्याची. दारावर जुन्याच मुख्याध्यापकाचं नाव. तो मेला तरी पुसलं नाही कुणी. हे रोज त्या पाटीखालून आत जायचे. निवृत्तीच्या दिवशी हार घातला, नारळाऐवजी घड्याळ दिलं. घरी येऊन म्हणाले, बरं झालं, वेळ बघायला बरं. मग रात्रभर त्या घड्याळाची टिकटिक ऐकत पडले." त्यांनी साबण कागदात गुंडाळला, उलगडला, पुन्हा गुंडाळला. "आता उपाध्यक्ष होणार म्हणे. दारावर पाटी. ह्यांच्या नावाची."

"मी कुठं म्हणतेय होऊ नका?"

"तू नाहीच म्हणत गं. तू काहीच म्हणत नाहीस. बसतेस आणि टाके घालतेस." काकूंचा आवाज जरा चढला. "त्यानं उलट जास्त टोचतं."

टेलरबाई सरकून पलंगाच्या काठाशी आल्या. त्यांचे गुडघे काकूंच्या पलंगाला टेकले. "काकू, ठरलंय काय? तुम्हाला माहीत आहे. तुमच्याच घरात बैठक झाली."

काकूंनी तोंड उघडलं. टेलरबाईंना त्यांचे दात दिसले, जीभ हललेली दिसली. मग काकू म्हणाल्या, "ह्या नळाचं पाणी बघितलंस का? तांबडं येतं. अंघोळ करून माणूस गंजायचा."

आणि त्या पिशवी घेऊन मोरीकडे गेल्या.

तालीम ही मामाची कल्पना. म्हणजे निरोप वरून आला असणार, पण त्यानं ती आपलीच म्हणून मांडली. "उद्या सभागृहात गडबड असते. छत्रीवाले ओरडतात, बाकं वाजवतात. नवीन माणूस बावरतो, हात वर करायचाच विसरतो. म्हणून जरा एकदा करून बघू. दोन मिनिटांचं काम. मग जेवण."

दिवे लागायची वेळ होती. जेवणघरातली टेबलं भिंतीला लावून मधे तीन खुर्च्या मांडल्या होत्या, समोर एक. समोरच्या खुर्चीत मामा बसला, मांडीवर ट्रे उभा धरून. तो म्हणजे अध्यक्षांचं मेज. काकू बाजूला भिंतीशी, थंड झालेला चहा घेऊन. बाहेरच्या दाराची कडी नीट बसली का ते मामानं बसायच्या आधी बघून घेतलं होतं.

"सभा सुरू," मामा म्हणाला. आवाज त्यानं भारदस्त काढला. फोटोवाल्याला हसू फुटलं, ते त्यानं गिळलं. "शिडी पक्षाच्या उमेदवाराच्या बाजूनं जे असतील त्यांनी हात वर करावेत."

सरांचा हात वर गेला. सरळ, कोपरात न वाकता, वर्गातल्या हुशार मुलासारखा. फोटोवाल्याचा हात अर्ध्यावर गेला, मानेशी थांबला, मान खाजवायला आल्यासारखा.

टेलरबाईंचे हात मांडीवर होते. एका बोटावर सुई टोचल्याची खूण होती. त्या त्याच्याकडे बघत राहिल्या.

"ताई?" मामा म्हणाला. "ऐकू आलं ना? हीच तर गंमत, म्हणून तालीम. पुन्हा घेऊ. शिडी पक्षाच्या..."

"सर," टेलरबाई म्हणाल्या, "डेपो हलणार आहे का?"

"अहो, हे नंतर..." मामा म्हणाला.

"मी तुम्हाला नाही विचारलं, मामा. सरांना विचारलं. सर, हो की नाही?"

सरांचा हात अजून वरच होता. तो त्यांनी हळूहळू खाली आणला आणि दुसऱ्या हाताखाली ठेवला. "हे बघा ताई, प्रशासनात हो आणि नाही असं काही नसतं. विषय प्राधान्यक्रमावर घेतलेला आहे. टप्प्याटप्प्यानं, अभ्यास करून, पर्यायी जागेची उपलब्धता..."

"तुम्ही आम्हाला असं उत्तर दिलं तर शून्य द्यायचात, सर," फोटोवाला म्हणाला. गमतीनं सुरुवात केली त्यानं, पण वाक्य संपता संपता गंमत गळून पडली. त्याचा हात तसाच मानेशी लटकत होता. "सर, हो म्हणा ना. नुसतं हो म्हणा. मी लगेच करतो वर. हे बघा."

सर त्याच्याकडे बघत राहिले. त्यांनी ओठ हलवले, आणि ते हलणारे ओठ पाहून टेलरबाईंना वाटलं, म्हणतील आता. हो म्हणतील. पण खोटा मार्क द्यायची सवय नसलेल्या माणसाच्या घशातून तो शब्द वर येईना, आणि खरा शब्द आला तर पाटी जात होती. त्यांनी खिशातून रुमाल काढला. चष्मा पुसला. पुसलेला चष्मा पुन्हा पुसला.

"जेवण गार होतंय," मामा म्हणाला. "आपण असं करू, उद्या गाडीत बोलू निवांत. ताई, हात तेवढा एकदा..."

"गुडघ्याचं तेल आणलंय का गं तू माझं?" सर काकूंना म्हणाले. असं काहीतरी त्यांना विचारायचं होतं म्हणून विचारलं. "दुखायला लागलाय. बसून बसून."

फोटोवाल्याचा हात हळूहळू वर सरकायला लागला. खांद्याच्या वर, कानाच्या वर. त्याची नजर खाली फरशीवर होती. टेलरबाईंनी त्याच्याकडे पाहिलं नाही; तो हात वर जाताना बाहीची घडी कशी मोडते तेवढं त्यांना डोळ्याच्या कडेनं दिसलं. आपले हात त्यांनी मांडीवरच ठेवले. उद्याही असेच ठेवायचे, मग घरी जायचं, शर्ट धुवायचे. सासूबाई विचारतील, झालं का गं? काय सांगायचं ते त्या मनात जुळवू लागल्या.

काकूंनी कप खाली ठेवला. तो बशीवर नीट बसला नाही, कलंडला, थंड चहा टेबलभर झाला. त्यांनी तो पुसला नाही. त्या उठल्या, गुडघ्यावर हात दाबून, आणि नवऱ्याच्या खुर्चीसमोर येऊन उभ्या राहिल्या. पण बोलल्या त्या नवऱ्याशी नाही.

"डेपो कुठंही जात नाही, बाई," त्या टेलरबाईंना म्हणाल्या. "पहिल्याच बैठकीत ह्यांनी मान्य केलं. मी चहा घेऊन आत गेले तेव्हा हे म्हणत होते, डेपोचा विषय आम्ही काढणार नाही, उपाध्यक्षपद आम्हाला द्या. मी ऐकलंय. आता ह्यांना म्हणू दे की मी खोटं बोलते."